काळ्या मशीनचा नंबर

आपल्याकडे घर आवरायला काढले की पहिली कुऱ्हाड पडते ती शिलाई मशीनवर. आजीच्या वेळचे, काळे, सोनेरी वेलबुट्टीचे. कोणाला चालवता येत नाही, जागा अडवते. मग ते भंगारात जाते, किंवा त्याचा बिडाचा स्टँड तेवढा ठेवून त्यावर काच टाकतात आणि टेबल करतात. हॉटेलांतही अशी टेबले हल्ली दिसतात. वर बसणारे मशीन कुठे गेले, हे कोणी विचारत नाही.

हे मशीन आपल्या नगर जिल्ह्यात आले कसे, हे पाहण्यासारखे आहे. (नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, मी जुन्या काळाबद्दल बोलतो आहे म्हणून नगर म्हणतो.) एक गमतीचा योग सांगतो. 12 ऑगस्ट 1803 या दिवशी नगरचा किल्ला वेलस्लीच्या हाती पडला, आणि 12 ऑगस्ट 1851 या दिवशी आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत शिलाई मशीनचे पेटंट मिळाले. योगायोगाच्या पलीकडे त्याला अर्थ नाही. पण पहिली घटना झाली नसती तर दुसरीचा नगरशी संबंध इतक्या लवकर आला नसता. इंग्रज आले, छावणी आली. छावणी म्हणजे गणवेश, कोट, पाटलोणी.

त्याआधी आपल्या अंगावर शिवलेले कापड होतेच किती? धोतर, लुगडे, पागोटे यांना सुई लागत नाही. चोळी, बंडी, पैरण, अंगरखा एवढेच शिंप्याकडे जायचे, आणि ते तो हातानेच शिवायचा. दुसरीकडे मुलींच्या हाती सुई आली ती शाळेतून. अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये 1831 साली काम सुरू केले. 1839 साली सिंथिया फरार नगरला आल्या आणि 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचनाच्या जोडीला शिवणकाम असायचेच. म्हणजे मशीन येण्याआधी त्याला हात तयार होते.

1878 साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नगर मुंबईला जोडले गेले. त्याच सुमारास मुंबईत नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ सिंगर कंपनीचे काम पाहू लागले होते. पुढे हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनचा कारभार त्यांच्याकडे होता. मशीन महाग. पण हप्त्याने देण्याची युक्ती सिंगर कंपनीने अमेरिकेत 1850 च्या दशकातच काढली होती. पावसावर भरवसा नसलेल्या आपल्या मुलखात, ज्याच्याकडे जमीन नाही किंवा असून उपयोग नाही, त्याला हे मशीन म्हणजे कमाईचे साधन होते. विशेषतः एकट्या पडलेल्या बाईला. शेजारणीची चोळी शिवून दिली तर तिला कोणी मजुरीला गेली असे म्हणत नसे.

महात्मा गांधींचेही मशीनबद्दलचे मत प्रसिद्ध आहे. 1924 साली यंत्रांविषयी प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केले, आणि पत्नीला सुईने कष्टताना पाहून सिंगरला ही कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली. हकीकत गोड आहे, पण इतिहास तसा नाही. 1850 साली बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्या कोणाचे बिघडणारे मशीन पाहून सिंगरनी ते सुधारले. पैसा मिळवणे हा हेतू उघड होता. शिवाय पत्नी म्हणावे तर कोणती? त्यांना निरनिराळ्या स्त्रियांपासून वीसहून अधिक मुले होती! तरीही गांधीजींनी अपवाद योग्य वस्तूला केला, असेच मी म्हणेन.

आता मशीनकडे वळू. पाटावर उजव्या हाताला पितळी पट्टीवर किंवा बिडावरच एक नंबर कोरलेला असतो. तो वाचा. नुसते आकडे असतील तर मशीन साधारण 1900 पूर्वीचे. आकड्यांआधी वाय अक्षर असेल तर ते 1922 ते 1935 या काळातले, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातले. ई आणि दुसरे एखादे अक्षर अशी जोडी असेल तर बहुधा त्याच कारखान्यातले, पण 1935 नंतरचे. मॉडेलला 15 के, 66 के म्हणतात, त्यातला के म्हणजे त्या कारखान्याची जागा, किलबोवी. 1885 साली उघडलेला तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला. त्याची मशीन अजून टीप घालतात.

खालचे शटल होडीसारखे लांबट असेल तर तुमच्याकडे फार जुनी जात आहे. तिची लांब, बारीक बॉबिन आता मुश्किलीने मिळते. मिळाली तर जपून ठेवा. गोल बॉबिनचे 15 के असेल तर काळजीच नाही. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ काढले, स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधने आली, लुधियानात कारखाने उभे राहिले, आणि या सर्वांनी घरगुती मशीनसाठी मुख्यतः तोच 15 चा घाट उचलला. म्हणून नव्वद वर्षांच्या मशीनला कोपऱ्यावरच्या दुकानातले सुटे भाग बहुतेक वेळा बसतात.

मशीन अडकले असेल तर चाकाशी झटापट करू नका. बहुतेक वेळा दोष खोबरेल तेलाचा असतो. आपल्या घरांत मशीनला डोक्याचेच तेल घालायची रीत. ते वर्षांनी चिकट राळेसारखे होते. प्रत्येक सांध्यात थेंब थेंब रॉकेल सोडा, दोन-तीन दिवस थांबा, मग चाक हलके हलके मागे-पुढे करा. सुटले की मळ पुसून मशीनचेच तेल घाला. दात्यांखाली साचलेला सुताचा बोळा काढा. सोनेरी नक्षीला मात्र स्पिरिट लावू नका. तिच्यावर लाखेचा हात असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि स्फिंक्स, वेली, सारे बोळ्यावर उतरून येते. आणि कृपा करून रंग देऊ नका! चकचकीत रंगवलेले मशीन मला कलप लावलेल्या म्हाताऱ्यासारखे वाटते. बोटांनी जिथे नक्षी झिजली आहे, तिथेच कोणीतरी वर्षानुवर्षे कापड पुढे सरकवले.

एक सावधगिरीची सूचना. 2009 साली सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगर मशीनमध्ये ‘लाल पारा’ असतो. लोकांनी हजारो रियाल मोजले; मशीनजवळ मोबाइल नेऊन परीक्षा घेऊ लागले. पोलिसांना सांगावे लागले की ही शुद्ध थाप आहे. असा कोणी दारात आला तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा. मशीनमध्ये बीड, पोलाद आणि तेल याखेरीज काही नाही.

अडकित्ते, दिवे, पानाचे डबे जमवणाऱ्या कै. दिनकर केळकरांमुळे घरगुती वस्तूंचे पुण्यात मोठे संग्रहालय झाले. नगरला रणगाड्यांचे संग्रहालय 1994 पासून आहे. शिलाई मशीन जमवणारे लंडनमध्ये आहेत, तिथे त्यांचे संग्रहालयही आहे. आपल्याकडे हौशी माणसे पुण्याच्या जुन्या बाजारात ती हेरून आणतात, दुरुस्त करतात. पण बाजारातून आणलेल्या मशीनला तोंड नसते. ते कोणत्या गावचे, कोणाच्या नावावर घेतले, हप्ते कोणी फेडले, त्यावर किती मुलांची शिक्षणे झाली, हे नंबरात लिहिलेले नाही. ते फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माहीत असते, आणि कधी कधी ड्रॉवरला.

म्हणून ड्रॉवर कचऱ्यात उलटा करू नका. त्यात गंजलेल्या सुया, दुमडपट्टीचे पत्र्याचे पाय, अर्धी रिळे निघतील. खाली कागद अंथरलेला असेल तर तो उलगडून पाहा. कधी तो पोथीचे पान असतो, कधी हप्त्याची पावती. पावती निघाली तर तिच्यावरचा नंबर मशीनच्या नंबराशी ताडून पाहा.