बंदूक, जुनी : पारख व किंमत

वापरलेल्या बंदुकीची रास्त किंमत ठरविण्याच्या पद्धती व त्यांचा महाराष्ट्रातील इतिहास. नव्या बंदुकीची किंमत कारखानदार ठरवितो. जुनीची किंमत मात्र नळीची अवस्था, चापाचे कार्य, दारूगोळ्याची उपलब्धता आणि ती बाळगण्याचा अधिकार यांवर अवलंबून असते. यांपैकी अखेरचा घटक सर्वांत दुर्लक्षित असला, तरी महाराष्ट्रात तोच बहुधा निर्णायक ठरला आहे.

नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव दाणी यांच्या जहागिरीचे ठाणे. त्यावरून घराण्यास विंचूरकर हे नाव पडले. विंचूरकरांचे बळ घोडदळात होते आणि भाला-तलवार ही त्याची हत्यारे. पानिपतच्या रणांगणावर (१७६१) इब्राहिमखान गारद्याच्या बंदूकधारी पलटणींलगत विंचूरकर व दमाजी गायकवाड यांची पथके होती. गारद्यांचा आडोसा सोडून ती रोहिल्यांवर चालून गेली आणि बंदुकीच्या माऱ्यापुढे मागे हटली, असे इतिहासकार सांगतात. पुढील चार दशकांत मराठी सरदारांनी कवायती पायदळ उभारले, त्यामागे अशा अनुभवांचाही वाटा होता.

या पायदळासाठी बंदुका हव्या होत्या. त्या पुष्कळदा यूरोपीय कंपन्यांकडून घेतल्या जात आणि त्यांत कंपन्यांनी नाकारलेला जुना माल खपविला जाई. अशा वेळी पारख न करणे महागात पडे. देशी तोड्याच्या बंदुकीत पाहावयाचे थोडेच असे : नळी सरळ आहे काय, आतून खड्डे पडले आहेत काय आणि रंजकीचा कान झिजून मोठा झाला आहे काय. कान मोठा झाल्यास दारूचा जोर बाहेर निसटतो व गोळी कमी पडते. विलायती गारगोटीच्या चापाची परीक्षा अधिक कठीण होती. घोड्याची कमान सैल पडली किंवा ठिणगी पाडणारी पोलादी पट्टी मऊ झाली, तर बाहेरून झकास दिसणारी बंदूकही दहा वेळांपैकी कित्येकदा फुकट जाई. नळी चकचकीत घासून हा दोष झाकता येई; म्हणून जाणकार चकाकीपेक्षा चापाला महत्त्व देत. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयनने आग्ऱ्यास सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली कारखाना काढला. तेथे सु. दहा रुपयांत उत्तम बंदूक तयार होई. घरच्या मालाचा भाव ठाऊक असल्याविना परक्याच्या जुन्या मालाची किंमत करता येत नाही, हे यावरून ध्यानात येते.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि सरदारांची सैन्ये मोडली. सहा दशकांनी आलेल्या १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरविला. यूरोपियनांना सुरुवातीस त्यातून सूट होती. या भेदाविरुद्ध राष्ट्रीय सभेने मद्रासच्या अधिवेशनात (१८८७) ठराव केला. तेव्हापासून परवानाधारक हाच कायदेशीर गिऱ्हाईक उरला.

याच काळात अमेरिकेत विंचेस्टर कंपनीच्या लीव्हर ॲक्शन रायफली (प्रतिकृती १८७३, १८९४ इ.) लोकप्रिय झाल्या. भारतातील शिकारी मात्र विलायती दुनळी व बोल्टच्या रायफली पसंत करीत. त्यामुळे लीव्हरची रायफल येथे विरळाच. तिच्या पारखीत लीव्हरची हालचाल सुरळीत आहे काय, काडतूस नळीत विनाअडथळा जाते काय, नळीतील आटे शाबूत आहेत काय आणि भाग मूळचे आहेत काय, हे पाहतात. १९६४ मध्ये कारखान्याने घडणीत काटकसर केल्याने त्यापूर्वीच्या नगांना अधिक भाव येतो. तथापि काडतूस मिळत नसेल, तर उत्तम रायफलही भिंतीवरची शोभाच ठरते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) .३१५ ची काडतुसे बनत असल्याने त्या बोअरला येथे मागणी टिकून राहिली.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाने (१९७२) शिकारीचे निमित्त संपुष्टात आणले. १९८० नंतरच्या दशकात खाजगी आयातही जवळजवळ थांबली; परिणामी जुन्या विलायती बंदुकांचे येथील भाव त्यांच्या मायदेशातील भावांहून कितीतरी चढले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली. तिसरी मुदतीत सोडावी लागणाऱ्या धन्याला घासाघीस करता येत नाही. अशा विक्रीचा आकडा प्रमाण मानणे चुकीचे होय.

निर्मात्याचे नाव किंवा क्रमांक खोडलेली बंदूक कितीही स्वस्त असली, तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार तिची विक्री निषिद्ध आहे. कालबाह्य घडणीची वा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेली, पण वापरता न येणारी हत्यारे याच अधिनियमातून वगळलेली आहेत. सरदारी वाड्यांतील तोड्याच्या बंदुकांची किंमत त्यामुळे नेमबाज नव्हे, तर संग्राहक ठरवितो.