वजन आणि बळ : वालचंदनगर ते बारामती

बारामती म्हटले, की आपणांपैकी पुष्कळांस प्रथम मोरोपंत आठवतील. आणि इंदापूर म्हटले, की मालोजीराजांची गढी. आज मात्र या दोन तालुक्यांतील लोखंडाची हकीकत सांगण्याचा माझा विचार आहे. ती सांगताना एका जुन्या समजुतीची परीक्षाही करावयाची आहे. जे जड ते बळकट, अशी ती समजूत होय.

ही समजूत मूर्खपणाची नव्हे. आपल्या घरातील पाटा-वरवंटा, जाते, वाड्याचा दरवाजा ही सारी जड असतात व पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. तेव्हा यंत्राचा भाग हातात घेऊन त्याच्या भारावरून त्याची पारख करावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु पाटा जागचा हलत नाही. यंत्राचा भाग हलतो. आणि तो किती वेगाने हलतो, यावर सारे अवलंबून असते.

१८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. पुढे १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखरेचा कारखाना उभारला व त्याभोवती वालचंदनगर वसले. उसाच्या चरकाचे प्रचंड लाट त्या कारखान्यात आपण पाहिले असतील. ते ओतीव लोखंडाचे असतात व मिनिटास थोडेच फेरे घेतात. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते आणि त्याचा खरखरीत पृष्ठभाग ऊस धरून ठेवतो. येथे जडपणा हाच गुण आहे.

आता विहिरीकडे चला. विजेची तार येण्यापूर्वी या भागात मोटेची जागा तेलाच्या इंजिनाने घेतली. खडकीस १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. लिस्टर पद्धतीची मंदगती इंजिनेही आपल्याकडे फार चालली. अशा जुन्या मंदगती इंजिनाचे फेरे मिनिटास सुमारे ६५० असत. त्याचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, नळकांड्यात वर जातो, क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. या उलटण्यात त्याच्या प्रत्येक ग्रॅम वजनाची ओढ कनेक्टिंग रॉडवर बसते. ६५० फेऱ्यांच्या त्या इंजिनाचा हिशेब मांडला, तर एका ग्रॅमची ओढ सुमारे ४० ग्रॅम भरते. ती सोसवते. शिवाय बाहेरचे जड चाक फेऱ्यांचा झटका पोटात घेते; तेथे वजन उपकारकच आहे.

आता बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत या. तेथे पियाजिओ या इटालियन कंपनीच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागल्या, आणि २०२३ मध्ये तेथेच बनलेली एप्रिलिया आरएस ४५७ ही वेगवान मोटारसायकल बाजारात आली. मोटारगाडीचे इंजिन असो वा मोटारसायकलचे, नियम एकच असल्यामुळे आपण हिचेच उदाहरण घेऊ. हिच्या इंजिनात ६९ मिलिमीटर व्यासाचे दोन दट्टे ६१.१ मिलिमीटरची धाव घेतात आणि मिनिटास ९,४०० फेऱ्यांवर सुमारे ४७ अश्वशक्ती देतात. विहिरीवरच्या इंजिनाची धाव याच्या दुपटीहून मोठी असे. परंतु फेरे दुप्पट केले, की ओढ चौपट होते, असा निसर्गाचा निर्दय नियम आहे. त्यामुळे येथे एका ग्रॅमची ओढ साडेतीन किलोंहून अधिक भरते. दट्ट्यात १०० ग्रॅम धातू ‘मजबुतीसाठी’ वाढविला, तर दर फेऱ्यास साडेतीन क्विंटलांचा, म्हणजे गव्हाच्या साडेतीन पोत्यांचा, भार आपण त्या बिचाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या गळ्यात बांधला! वाढविलेले वजन येथे बळ देत नाही, बळ खाते.

मग भाग हलका करावा, हे ओघानेच आले. हे ज्यांना प्रथम साधले, त्यांत इंग्लंडचे डब्ल्यू. ओ. बेंटली यांचे नाव ठळक आहे. १९१३ मध्ये फ्रान्समधील एका मोटार कारखान्यात टेबलावर ठेवलेले ॲल्युमिनियमचे कागद-दाबणे त्यांच्या नजरेस पडले, आणि याच धातूचे दट्टे का करू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तांबे मिसळून तसे दट्टे ओतविले व त्यांची गाडी शर्यतींत चमकली. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांनाही तो धडा उपयोगी पडला.

आता धातूंची तुलना करू. साधे ओतीव लोखंड एका चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलोंची ओढ सोसते. मिश्रधातूचे घडीव, पाणी दिलेले पोलाद ९० किलोंच्या आसपास. दोहोंचे वजन मात्र जवळजवळ सारखेच. टायटॅनियमचा चांगला मिश्रधातू पोलादाइतकाच बळकट, पण वजनाने सुमारे सहा-दशांश. ॲल्युमिनियम लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडेसे जड आणि उष्णता झपाट्याने वाहून नेणारे. परंतु अडीचशे अंशांच्या पुढे ते नरम पडू लागते. म्हणून दट्ट्याचा माथा जाड ठेवून बाजू कोरतात. टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड होंडाने १९९० मध्ये आपल्या एनएसएक्स मोटारीत घातले. तथापि ते महाग, पोलादाच्या जवळजवळ निम्मेच ताठ, आणि घासले गेले की चिकटणारे. सर्वगुणसंपन्न धातू कोठेच नाही.

क्रँकशाफ्ट मात्र आजही बहुधा पोलादाचाच असतो, कारण त्यास पीळ सोसावा लागतो व ताठ राहावे लागते. १९६१ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत फोर्जचा कारखाना बारामतीतही आहे, आणि असे घडीव भाग हाच त्या कंपनीचा मूळ व्यवसाय. घडविण्यात विशेष काय? कुऱ्हाडीचा दांडा निवडताना सुतार लाकडाची रेघ दांड्याच्या लांबीने धावते की आडवी, हे पाहतो. तापलेले पोलाद साच्यात ठोकले, की त्याचीही रेघ भागाच्या आकाराबरोबर वळते. तेवढ्याच वजनात अधिक बळ येते, ते असे.

आता एक इशारा. बळ म्हणजे एकदाच सोसणे नव्हे. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे पेटले आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. आस चांगला जाडजूड असतो. तरीही वारंवार उलटसुलट वाकून तो आतून थकतो. या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी केला. बारामतीचे ते इंजिन पूर्ण वेगाने एक तास चालले, तर त्याच्या रॉडला साडेपाच लाखांहून अधिक फेरे सोसावे लागतात. म्हणून हौशी कारागीर कानस घेऊन रॉड हलका करू लागतो, तेव्हा भीती वाटते. कानशीचा एक आडवा ओरखडा त्या थकव्याला दार उघडून देतो. आणि रॉड तुटला, की तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. भरधाव गाडीवर बसलेल्या तरुणाच्या जिवाशी तेव्हा गाठ असते.

शेवटी पुन्हा वालचंदनगरला येऊ. तेथील कारखान्यात आज इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटारींची कवचे तयार होतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे, २.८ मीटर व्यासाचे कवच ज्या मॅरेजिंग पोलादाचे असते, ते एका चौरस मिलिमीटरला सुमारे १७५ किलो सोसते. त्यामुळे कवचाची भिंत पातळ ठेवता येते, आणि वाचलेले प्रत्येक किलो आकाशाच्या वाटेवर उपयोगी पडते. ज्या गावाने जड लाट फिरविले, त्याच गावाने हलके कवच घडविले. तेथील कारागिरांनी वजनाचा द्वेष केला नाही. ते कोठे हवे व कोठे नको, एवढे ओळखले.

तेव्हा श्रोतेहो, इंजिनाचा एखादा भाग हाती देऊन कोणी म्हणाला, ‘भरभक्कम आहे, जन्मभर टिकेल’, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : ‘हा मिनिटास किती फेरे घेणार?’ त्याचे उत्तर मिळाल्यावाचून वजनाची स्तुतीही करू नये आणि निंदाही.