खल्लारीचे देऊळ

ब्राह्मणपाऱ्यात बिऱ्हाड करून राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या तोंडी छत्तीसगडचा इतिहास म्हटला की भास्करपंतांची १७४१ ची स्वारी आणि रतनपूरचे बिंबाजी भोसले हेच प्रथम येतात. भोसल्यांनी ज्यांचे राज्य घेतले त्या कलचुरींची आठवण क्वचितच निघते. त्या घराण्याच्या रायपूर शाखेचे एक जुने ठाणे येथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. महासमुंद मागे टाकून बागबाहराच्या वाटेला लागले की भीमखोज स्टेशनाजवळ खल्लारीची टेकडी दिसू लागते. शिलालेखांत या गावाचे नाव खल्वाटिका असे येते.

चैत्री पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि माणसांचा लोंढा देवीच्या दर्शनाला टेकडी चढतो. आम्ही मात्र आडदिवशी गेलो होतो आणि आमचे काम पायथ्याच्या गावातल्या नारायणाच्या जुन्या देवळाशी होते. आसपासच्या घरांतून भाताच्या पेंढ्याचा वास येत होता. देवळापाशी आमच्याखेरीज कोणी नव्हते. शिल्पाची श्रीमंती पाहू इच्छिणाऱ्याने भोरमदेवला जावे. खल्लारीची थोरवी तिच्या लेखात आहे.

हा लेख संस्कृतात आहे. त्यावर विक्रम संवत् १४७० असा आकडा आहे. इसवी सनाने हा काळ १४१५ च्या आसपास येतो. म. म. वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या कलचुरी लेखांच्या महाग्रंथात तो समाविष्ट आहे. प्रारंभी राजवंश येतो. सिंहण (देवगिरीचा सिंघण निराळा), त्याचा पुत्र रामचंद्र व त्याचा पुत्र हरिब्रह्मदेव. सिंहणाने शत्रूचे अठरा गड जिंकल्याचे लेख सांगतो, आणि छत्तीस गडांच्या हिशेबात रायपूरकडे अठराच गड धरण्याची परंपरा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु देऊळ राजाने बांधलेले नाही. ते बांधले देवपाल नावाच्या मोच्याने. जसौ हा त्याचा आजा, शिवदास हा बाप. राजाच्या तीन पिढ्या आणि मोच्याच्या तीन पिढ्या एकाच शिळेवर, एकाच देवभाषेत कोरलेल्या आहेत. देवपालाचा धंदा लपविलेला नाही, की त्याला एखादे उसने कुळ चिकटविलेले नाही.

आम्हां महाराष्ट्रीयांना येथे चोखोबा आठवल्यावाचून राहत नाहीत. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. पंढरीच्या महाद्वाराबाहेर त्यांची समाधी आहे. आत जाण्याची त्यांना मुभा नव्हती. ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. चोखोबांनंतर जेमतेम पाऊणशे वर्षांनी खल्लारीत एक चर्मकार विष्णूचे आयतनच उभारतो, हे कसे घडले?

एका शिळेवरून त्या काळी जातिभेद नव्हता असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. हे राजधानीचे गाव होते. घोडदळाला जीन लागे, शिपायांना ढालीची कातडी लागे. देवपाल अशा कामावर सधन झाला असावा, असा आमचा तर्क आहे. पैशापुढे पुष्कळ नियम वाकतात. पण नियम वाकले हे लपवून ठेवण्याची गरज ना राजाला वाटली, ना संस्कृत रचणाऱ्या पंडिताला, हे महत्त्वाचे आहे. आपल्या देवळात देवपालाला गाभाऱ्यापर्यंत जाता येत होते काय, याविषयी लेख मूक आहे.

पुढे याच मुलुखात, गिरौदपुरीस, १७५६ साली गुरू घासीदास जन्मले. चर्मकार मानल्या गेलेल्या समाजाला त्यांनी सतनामाचा उपदेश केला आणि मूर्तिपूजाच सोडावयास सांगितली. देवपालाच्या मार्गाने जाणे मधल्या साडेतीन शतकांत त्याच्या जातभाईंना किती कठीण झाले असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

ब्राह्मणपाऱ्यातील मंडळी महादेवघाटावर हाटकेश्वराला नेहमी जातात. रायपूरच्या हाटकेश्वर मंदिराचा लेखही याच कलचुरींच्या काळचा, १४०२ चा आहे; ते बांधणारा हाजिराज नायक होता. त्या देवळाला दर्शनार्थींची वाण नाही. खल्लारीला मात्र आम्ही निघेपर्यंत जे चार-सहा यात्रेकरू आले, ते थेट पायऱ्यांकडे वळले.