कांदा, चप्पल आणि मेंदूतली वीज

आजचा भाग छोटा आहे, पण सुरुवात आमच्या जानेफळातूनच.

मी सहावीत होतो. प्रार्थनेच्या रांगेत वर्गातला मित्र कोसळला, हातपाय झटकायला लागला. कुणी कांदा फोडला, कुणी नाकाला चप्पल लावली. दोन मिनिटांत तो शांत झाला आणि श्रेय चपलेला! खरं तर बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. संध्याकाळी त्याच्या आईला सल्ले सुरू : बाहेरचं आहे, सैलानीला नेऊन आणा.

आता जरा मागे जाऊ. चरकसंहितेत मिरगीला अपस्मार म्हटलंय, म्हणजे स्मृती निघून जाणं. कारण मुख्यतः दोषांमध्ये शोधलंय, पण मनाचं घर मानलंय हृदय. ग्रीसमध्ये इ.स.पूर्व ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथाने ठणकावलं, की हा दैवी कोप नाही, मेंदूचा आजार आहे. कारण मात्र सांगितलं कफ. पत्ता बरोबर, आरोपी चुकीचा!

१८७० च्या दशकात इंग्लंडच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सनने पाहिलं, की काही रुग्णांत झटका अंगठ्यापासून सुरू होतो आणि हातावर चढत जातो. म्हणजे मेंदूत शरीराचा नकाशा असणार, आणि त्यावर कुठेतरी अचानक जास्तीचा डिस्चार्ज होत असणार. १९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गरने डोक्याला तारा लावून माणसाच्या मेंदूतली वीज नोंदवली आणि १९२९ मध्ये ते छापलं. हाच ईईजी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, तोवर सगळे आउटपुट बघून अंदाज बांधत होते. आता लॉग वाचता आला.

पण समाजाचं व्हर्जन जुनंच राहिलं. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी वेडासोबत एकाच ओळीत बसवली, लग्नाला अडथळा म्हणून. ती ओळ निघाली १९९९ मध्ये. ईईजीनंतर सत्तर वर्षांनी!

माझा मित्र आज नियमित गोळ्या घेतो, दुकान चालवतो. लग्न जमताना सांगायचं की लपवायचं, यावर घरात आठवडाभर खल झाला. त्याने स्वतःच सांगितलं. लग्न झालं.

तेव्हा मंडळी, कुणाला झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेला तर दवाखाना गाठा. कांदा भाजीत टाका.

भेटू पुढच्या भागात.