माग: गावच्या शिवेपासून आगबोटीच्या डेकपर्यंत

पावसाळ्यात पनवेलजवळच्या नावड्यात गावठाण आणि सिडकोचे सेक्टर यांच्यामध्ये जिथे माती उघडी राहिली आहे, तिथे दिवसभराची ये-जा उमटून राहते. टाचेकडे झिजलेली स्लीपर, बुटाच्या तळव्याची नक्षी, मध्येच सायकलच्या चाकाची रेघ. पेव्हर ब्लॉक लागले की चार पावलांत चिखल झडतो आणि ठसे संपतात. पुढे सोसायटीच्या फाटकावर वॉचमनची वही असते: नाव, फ्लॅट नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. मातीने सोडले तिथून वही धरते. दोन्हींना मराठीत एकच जुना शब्द पुरतो: माग.

संस्कृत 'मार्ग', प्राकृत 'मग्ग', मराठी 'माग' असा हा शब्द झिजत आला. 'मार्ग'ची नाळ पुन्हा 'मृगा'शी जुळलेली: जनावर गेले ती वाट. म्हणजे लोकांनी चालायचा रस्ता हा अर्थ नंतरचा, आधी शिकार आणि आधी शोध. शोधणे या अर्थाच्या त्याच मुळातून आपले 'मागणे'ही आले. मागोवा, मागोमाग, मागावर असणे ही सगळी याच घरची माणसे. 'पोलीस आरोपीच्या मागावर' असा मथळा वाचताना जमिनीकडे नजर लावून चाललेला एक शिकारी अजून त्या शब्दात दिसतो.

गावगाड्यात हा माग म्हणजे थेट कायदाच होता. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९मध्ये जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात त्याने ही पद्धत नोंदवली आहे. हद्दीत चोरी झाली की चोर शोधणे ही गावच्या राखणदाराची, म्हणजे कुठे महाराची, कुठे रामोशाची किंवा भिल्लाची जबाबदारी. तो पावलांचे ठसे धरून निघे. माग शेजारच्या गावात शिरला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली की याची जबाबदारी सुटली. आता तो माग पुढच्याने चालवायचा. असे करत ज्या शेवटच्या गावापर्यंत माग स्पष्ट पोचला, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई. शिवेचे मोल इथे कळते. आपल्या हद्दीतून माग बाहेर गेला हे सिद्ध करता आले नाही, तर चोर आपल्यातलाच.

'चोर आपल्यातलाच' या एका वाक्यावर जगभरच्या रहस्यकथेचा एक अख्खा प्रकार उभा आहे.

त्याला सगळ्यांत चांगली जागा मिळाली ती प्रवासी आगबोटीची. बोटीने धक्का सोडला की पुढच्या बंदरापर्यंत कुणी नवे आत येत नाही, कुणी बाहेर जात नाही. प्रवाशांची यादी छापलेली, केबिनला नंबर, जेवणाच्या टेबलावर जागा ठरलेल्या. वॉचमनच्या वहीतला 'बाहेर गेल्याची वेळ' हा रकाना सगळ्यांचाच कोरा. शीव म्हणजे चारही बाजूंनी पाणी. १९३०मध्ये अर्ल डेर बिगर्सने चार्ली चॅनला जगप्रदक्षिणेला निघालेल्या मंडळींतला खुनी शोधायला लावले. १९३४मध्ये जॉन डिक्सन कारने 'द ब्लाइंड बार्बर' अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीवर रचली. १९३७मध्ये अगाथा ख्रिस्तीने नाईल नदीतल्या 'कर्नाक' बोटीवर आपल्या गुप्तहेर पायरोला बसवले. या कथांना जी घरगुती ऊब आहे ती नुसत्या चहाच्या कपांची नाही. माग कितीही वेडावाकडा गेला तरी तो या डेकवरच संपणार, ही खात्री वाचकाला पहिल्या पानापासून असते.

या कथांत खुणेला म्हणतात तो इंग्रजीतला 'क्लू' हा शब्दसुद्धा मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसियस चक्रव्यूहातून बाहेर पडला तो असाच दोरा धरून. आपण 'धागेदोरे हाती लागले' म्हणतो, तेव्हा तेच चित्र आपल्याही बोलण्यात असते.

खऱ्या समुद्रावर शिवेचा प्रश्न इतका सोपा राहिला नाही. १९१०चा जुलै महिना त्यासाठी लक्षात ठेवावा असा आहे. ८ जुलैला मार्सेय बंदरात उभ्या असलेल्या 'मोरिया' बोटीच्या गोल खिडकीतून अटकेत असलेले सावरकर पाण्यात उतरले आणि फ्रान्सच्या धक्क्यावर चढले. तिथे पकडून त्यांना पुन्हा बोटीवर आणले गेले. माग कुणाच्या हद्दीत शिरला होता आणि तो कुणी चालवायचा, हा शिवेवरचा जुना वाद त्या दिवशी दोन साम्राज्यांमध्ये उभा राहिला. तो हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ला निकाल आला: पकडण्यात अनियमितता झाली, तरी सावरकरांना परत देणे ब्रिटनवर बंधनकारक नाही. गावच्या दोन राखणदारांना पटेल असा हा निवाडा नव्हे. ज्याच्या शिवेत माणूस सापडला, त्याला तो परत मिळाला नाही.

त्याच महिन्यात अटलांटिकवर उलटे घडले. बायकोच्या खुनासाठी हवा असलेला डॉक्टर क्रिपन 'माँट्रोज' बोटीने कॅनडाकडे निघाला होता. सोबतची मैत्रीण मुलाच्या वेशात. कप्तान केंडॉलने ओळखले आणि बिनतारी यंत्रावरून इंग्लंडला कळवले. इन्स्पेक्टर ड्यू जास्त वेगाच्या 'लॉरेंटिक'ने पुढे जाऊन थांबला आणि ३१ जुलैला त्याने क्रिपनला अटक केली. पाण्यावर पाऊल उमटत नाही. पण आता माग हवेतून जाऊ लागला होता.

कादंबरीतल्या उबेचा मागमूस नसलेली एक खरी घटना यानंतरची. ऑक्टोबर १९४७मध्ये 'डर्बन कॅसल' केपटाऊनहून साउथॅम्प्टनला निघाली होती. १८ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास केबिन नंबर १२६ची घंटा वाजली. रात्रपाळीचा पहारेकरी धावत गेला. दाराबाहेर लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे पेटलेले, म्हणजे पुरुष नोकर आणि बाई नोकर दोघांनाही हाक. दार किंचित उघडले, आतल्या पुरुषाने सगळे ठीक असल्याचे सांगितले आणि दार लावून घेतले. सकाळी त्या केबिनमधली गे गिब्सन ही तरुण अभिनेत्री बोटीवर कुठेच नव्हती. कप्तानाने बोट मागे वळवून शोध घेतला. पुढे जेम्स कँब या डेक स्टुअर्डने कबूल केले की मृतदेह आपण गोल खिडकीतून बाहेर ढकलला. मात्र ती आपोआप मेली, असे तो म्हणत राहिला. मृतदेह कधीच मिळाला नाही. तरी मार्च १९४८मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. पाण्याने काहीच राखले नव्हते. राहिले होते ते पहारेकऱ्याने पाहिलेले दोन दिवे आणि बोटीच्या डॉक्टरला कँबच्या मनगटावर दिसलेले ओरखडे.