सहीच्या पलीकडचा समुद्र

भिलाईपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तरीही येथील पोलाद कारखान्याची प्लेट मिल पाहताना मला समुद्र आठवतो. जहाजासाठी लाटलेल्या पत्र्याचा नमुना कापून तो ताणून पाहतात, आघाताने मोडून पाहतात, आणि तो कसोटीस उतरला तरच पत्र्यावर ठसा उमटतो. इतका अविश्वास कशासाठी, असे नवख्यास वाटावे. त्याचे उत्तर बुडालेल्या जहाजांच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कित्येक मालक जहाजात बेसुमार माल भरीत. जहाज बुडाले तरी विम्याचे पैसे मिळत. खलाशी मात्र परत येत नसत. सॅम्युएल प्लिमसॉल यांनी पार्लमेंटमध्ये हा प्रश्न लावून धरला आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा आली. परंतु नियम पाळला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर नियमाने १६ जीवनौका पुरेशा होत्या. प्रत्यक्षात २० होत्या. त्यांत जागा ११७८ जणांची आणि जहाजावर माणसे २२०० हून अधिक! नियम जहाजाचे टन मोजीत होता, माणसे मोजीत नव्हता. १९१४ साली लंडनमध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, तो या अनर्थानंतर.

आपल्या कोकणाची जखम याहून जवळची आहे. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य अवघ्या एकोणतीस दिवसांवर आलेले. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही आगबोट रेवसकडे निघाली. ती काही जुनाट बोट नव्हती. १९३६ साली बांधलेली होती. पाऊस, खवळलेला समुद्र, एका बाजूस धावलेले भयभीत प्रवासी, आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईला कित्येक तास वार्ताही कळली नाही. जे वाचले त्यांतील अनेकांना कोळी बांधवांच्या होड्यांनी तारले.

पुढे १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने बारांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजाला पाहणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले आणि त्याची मुदत एका वर्षाहून अधिक ठेवली नाही. या मुदतीतच एक नम्र कबुली आहे. सर्वेअरची सही सांगते ती पाहणीच्या दिवसाची गोष्ट. उद्याच्या लाटेची हमी तिला देता येत नाही. ती जबाबदारी तांडेलाची, मालकाची आणि दाटीने चढणाऱ्या प्रवाशांचीही.

आम्हा सरकारी नोकरांच्या हातून रोज सह्या होतात. प्रत्येक रकान्यामागे कोणीतरी बुडालेले आहे, एवढे स्मरण राहिले, तर रकाना नुसता भरला जाणार नाही. पाहून भरला जाईल.