टॅव्हर्नमधली राज्यघटना

राज्यघटना म्हटलं की डोळ्यांसमोर घुमटाखालचं सभागृह येतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटची पहिली घटना मात्र चक्क एका टॅव्हर्नमध्ये मंजूर झाली. टॅव्हर्न म्हणजे खानावळ, बार आणि लॉज, सगळं एकाच छपराखाली! विंडसर गावातलं एलायजा वेस्टचं ते दुमजली लाकडी टॅव्हर्न आता 'ओल्ड कॉन्स्टिट्यूशन हाउस' नावाचं म्युझियम आहे. मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी बॉस्टनहून गाडी काढली आणि जाऊन आलो.

जुलै १७७७. गावोगावचे प्रतिनिधी इथे जमले होते. चर्चा चालू असतानाच बातमी आली, टायकॉन्डरोगाचा किल्ला इंग्रजांनी घेतला. सगळ्यांना घराची काळजी. पण नेमकं धुवाधार वादळ आलं आणि मंडळी आतच अडकली, असं सांगतात. ८ जुलैला घटना मंजूर झाली.

बराचसा मजकूर पेनसिल्व्हेनियाच्या १७७६च्या घटनेतून उचललेला, म्हणजे आपलं कॉपी-पेस्टच. पण पहिल्याच कलमात स्वतःची भर होती: गुलामगिरीला बंदी. १७७७ मध्ये! त्या जुन्या लाकडी घरात उभं राहून अंगावर काटा आला.

घरी येऊन ते कलम पूर्ण वाचलं, तर त्यात एक 'इफ कंडिशन' निघाली. बंदी पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू. मग लहान मुलांचं काय?

आणि मोठ्यांचं तरी काय? याच विंडसरमध्ये स्टीफन जेकब नावाच्या वकिलाने १७८३ मध्ये डायना ही कृष्णवर्णीय बाई विकत घेतली. पुढे तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. डायना म्हातारी झाली, आंधळी झाली, तिचा खर्च गावावर पडला. गावाने जेकबवर दावा लावला. १८०२ मध्ये कोर्ट म्हणालं, या राज्यात गुलामगिरीच नाही, सबब खरेदीखताला अर्थ नाही, आणि जेकबवर जबाबदारीही नाही. ज्या कलमाने डायना सुटायला हवी होती, त्याच कलमावर जेकब सुटला.

वयाची ती अट घटनेतून निघाली नोव्हेंबर २०२२च्या मतदानाने. तब्बल २४५ वर्षांनी. गुलामगिरी तर कधीच संपली होती, मग एवढ्या उशिरा कशाला, असं आधी मलाही वाटलं. डायनाची गोष्ट वाचल्यावर नाही वाटलं.

असो. जमलं तर विंडसरला जरूर जा. हिवाळ्यात म्युझियम बंद असतं, आणि जाण्याआधी ते कलम शेवटपर्यंत वाचा. मी उलट्या क्रमाने केलं.